इंजिन नवं बांधलं, तरी धूर थांबत नाही: पुन्हा खोलण्याआधी काय काय तपासायचं

डिझेल गाडीच्या फुल इंजिनचं काम होऊन आठ दिवस झालेले असतात. लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) आणि पिस्टन नवे, पिस्टनवरच्या रिंगा नव्या, बेअरिंगं नवी, हेड (सिलिंडरवरचं झाकण) फेस करून, म्हणजे घासून सपाट करून आणलेलं, डिझेलचा पंप आणि ते फवारणारे नोझल टेस्ट करून बसवलेले. तरी सकाळी सेल्फ मारला की सायलेन्सरमधून धूर येतोच. मालकाचं तोंड उतरतं आणि तो म्हणतो, "मिस्त्री, रिंगा बसल्याच नाहीत. परत खोला."

इथे घाई करू नका. बांधलेल्या इंजिनच्या धुराच्या ज्या तक्रारी माझ्याकडे आल्या, त्यांतल्या बऱ्याच जणींचं मूळ ब्लॉकच्या बाहेर सापडलं. कुठे टर्बोचा (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणारा पंखा) ऑइल परतीचा पाइप होता, कुठे इंजेक्टरखालचा वॉशर, कुठे पंपाचं टायमिंग, तर कुठे नुसती ऑइलची पातळी. इंजिन विनाकारण पुन्हा खोललं की हेड गॅस्केट वाया जातं, अर्धवट बसत आलेल्या रिंगा हलतात आणि त्यांचं बसणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून हेडला पाना लावण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं हातात हवीत: धूर कुठल्या रंगाचा, नेमका कुठल्या वेळी, आणि सगळ्या सिलिंडरमधून की एकाच? रंग सगळेच बघतात. वेळ फार थोडे जण बघतात, आणि खरा पत्ता बहुतेक वेळा वेळेवरूनच लागतो.

आधी जो धूर रोगाचा नाही तो बाजूला काढू. इंजिन बांधताना पिस्टनला, लायनरला, व्हॉल्व्हच्या दांड्यांना ऑइल लावलेलं असतं, ते पहिल्या काही मिनिटांत जळतं. पण जुनं इंजिन ऑइल खात असेल किंवा टर्बो गेलेला असेल, तर सायलेन्सर आतून ऑइलने भिजलेला असतो. ते ऑइल आयडलवर जळत नाही, कारण सायलेन्सर तेवढा तापतच नाही. गाडी लोड घेऊन पंधरा-वीस मिनिटं चढाला लागली की मग निळसर पांढरा धूर सुटतो आणि मालक घाबरतो. याची खूण सोपी आहे. हा धूर इंजिन तापल्यावर सुरू होतो आणि रोज कमी होत जातो. रोज कमी होत असेल तर गाडी चालू द्या. तसाच राहिला किंवा वाढला, तर तपासणीला लागा. दरम्यान ऑइल किती टाकलं आणि गाडी किती किलोमीटर चालली, हे वहीत लिहून ठेवा. डोळ्यांचा अंदाज फसतो, ऑइलच्या पट्टीवरची रेघ फसवत नाही.

रंग ओळखण्यातही गफलत होते. दाट निळा धूर उन्हात पांढरा दिसतो आणि रात्री हेडलाइटच्या उजेडात सगळेच धूर सारखे दिसतात. दिवसा, पाठीमागे काहीतरी गडद असेल अशा जागी गाडी लावा. मग पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर लांब मिनिटभर धरा, अर्थात पकडीने, हाताने नाही. पुठ्ठ्यावर तेलकट, आरपार दिसणारा डाग पडून तसाच राहिला तर ऑइल. ओल आली, डिझेलचा वास आला आणि हळूहळू उडून गेली तर न जळलेलं डिझेल. ओल वाळून मागे काहीच उरलं नाही तर पाणी. काळी भुकटी पडली आणि बोटाने सहज पुसली गेली तर ती नुसती काजळी. पण काळं चिकट असेल तर काजळीत ऑइल मिसळलंय.

पांढरा धूर

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि साधारण २१० अंशांना आपोआप पेटणारं डिझेल त्या हवेत फवारलं की पेट घेतं. हवा पुरेशी दाबली गेली नाही, फवारा उशिरा आला किंवा फवाऱ्याऐवजी थेंब पडले, तर डिझेल न पेटताच धुक्यासारखं बाहेर येतं. डोळ्यांना झोंबतं, वास येतो आणि बराच वेळ हवेत रेंगाळतं. पाण्याची वाफ मात्र दोन-चार हातांवर विरून जाते. थंड सकाळी थोडी वाफ दिसणं अगदी स्वाभाविक आहे, कारण एक लिटर डिझेल जळताना जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. ती वाफ पाहून हेड गॅस्केटवर संशय घेऊ नका.

न जळलेल्या डिझेलचा धूर असेल तर आधी डिझेलच्या लाइनमधली एअर काढून घ्या. नव्याने जोडलेल्या लाइनमध्ये, फिल्टरच्या वॉशरपाशी किंवा फीड पंपाच्या बँजो बोल्टला (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) एअर धरलेली असते, आणि मिसिंग (सिलिंडर मधेमधे न पेटणं) व पांढरा धूर दोन्ही तिथूनच येतात. त्यानंतरही धूर राहिला तर सिलिंडर एकेक करून बंद करायचे. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत इंजिन आयडलवर ठेवून हाय प्रेशर पाइपचा इंजेक्टरकडचा नट फडकं धरून अर्धा फेरा सैल करा. ज्या सिलिंडरला सैल करूनही आवाज बदलत नाही, तो काम करत नाही. ज्याला सैल केल्यावर धूर थांबतो, चोर तिथेच आहे.

कॉमन रेल गाडीत (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल जातं आणि फवारा कॉम्प्युटर ठरवतो) हे कधीही करू नका. तिथे दाब हजार-दीड हजार बारच्या वर जातो, आणि बारीक धारही कातडी फोडून आत शिरते. वर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आत मात्र बोट सडू शकतं. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी दवाखाना गाठा. कॉमन रेलला स्कॅनर लावून सिलिंडर कट-आउट करायचं. स्कॅनर नसेल तर थंड इंजिन सुरू करून मिनिटभरात एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या प्रत्येक पोर्टचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा. जो पोर्ट थंड, तो सिलिंडर पेटत नाही.

एक प्रसंग सांगतो. सहा सिलिंडरची गाडी, इंजिन बांधून आलेली. थंडीत भरपूर पांढरा धूर, तापल्यावर कमी, पण मिसिंग कायम. कॉम्प्रेशन ठीक, टायमिंग ठीक. तिसरा सिलिंडर बंद केला की धूर निम्म्यावर येई. इंजेक्टर टेस्टरवर लावला, फवारा उत्तम. त्याच्या टोकावरचा तांब्याचा वॉशरही नवा, लालसर. तो पुन्हा बसवणारच होतो, तेवढ्यात भोकात बॅटरी मारली. तळाशी काळं कडं दिसलं. कार्बन असेल म्हणून वाकवलेल्या तारेच्या टोकाने खरवडलं, तर त्याखाली तांबं चमकलं. जुना वॉशर तिथेच चिकटून राहिला होता आणि त्याच्यावर नवा बसला होता. वॉशरच्या जाडीइतका नोझल वर राहिला, आणि फवारा पिस्टनच्या वाटीत पडायचा तो काठावर आदळत होता. वॉशर काढला, जागा साफ केली, इंजेक्टर बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सायलेन्सर स्वच्छ. या वॉशरसाठी हेड दुसऱ्यांदा उतरवायची तयारी झाली होती. तेव्हापासून इंजेक्टर काढला की भोकात बॅटरी मारल्याशिवाय मी पुढे जात नाही.

सगळ्याच सिलिंडरमधून पांढरा धूर असेल तर संशय टायमिंगवर. पंप कॅमच्या वेगाने, म्हणजे क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. पंपाच्या गिअरला ६० दात असतील तर एक दात म्हणजे पंपाचे ६ अंश आणि क्रँकचे १२. एवढा फरक कुठलंही इंजिन झाकू शकत नाही. टायमिंग मागे पडलं की पांढरा धूर, पिकअप मेलेला आणि एक्झॉस्ट जास्त गरम. पुढे गेलं की कडक ठोका ऐकू येतो. आणखी एक जुना सापळा म्हणजे फ्लायव्हीलची खूण एका चक्रात दोनदा वर येते. पहिला सिलिंडर दाबावर आहे की ओव्हरलॅपवर (दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे), हे रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, हलवून बघा. दोन्ही रॉकर मोकळे असतील तरच तो दाबावर आहे. हे न बघता पंप बसवला तर इंजिन सेल्फवर नुसता पांढरा धूर फेकतं आणि पेटत नाही.

हेड किंवा ब्लॉक फेस केलेला असेल तर विचारा, पिस्टन वर किती येतो हे डायल गेजने मोजलं होतं का आणि त्यानुसार गॅस्केटची जाडी निवडली होती का? "सुरक्षित म्हणून" जाड गॅस्केट टाकलं तर कॉम्प्रेशन उतरतं आणि रोज सकाळी पांढरा धूर मिळतो. व्हॉल्व्ह सीटमध्ये फार खोल बसले असतील तरी तेच होतं. टॅपेट घट्ट राहिले, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट कमी राहिली, तर तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. पहिल्या धावेनंतर टॅपेट पुन्हा तपासायचे हे बहुतेकांना माहीत असतं, तरी घाईत राहून जातं.

कॉम्प्रेशन टेस्ट करताना पेट्रोल गाडीची एक सवय सोडा. सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजायचं आणि आकडा वाढला तर रिंगा खराब म्हणायचं, हे डिझेलला लागू पडत नाही. डिझेलमध्ये पिस्टनच्या वर जागाच इतकी थोडी असते की टाकलेलं ऑइल ती जागा भरतं आणि आकडा तसाही वाढतो. त्यापेक्षा पिस्टन दाबाच्या टोकाला आणून, क्रँक फिरणार नाही असा अडवून सिलिंडरमध्ये हवा सोडा आणि कान लावा. ऑइल भरायच्या तोंडातून हवा येत असेल तर रिंगा, इनटेकमधून येत असेल तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून येत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेड.

पाण्याचा धूर असेल, कूलंट कमी होत असेल, तर रेडिएटरच्या कॅपवर जेवढा दाब लिहिलाय तेवढा दाब थंड इंजिनला प्रेशर टेस्टरने देऊन रात्रभर ठेवा. सकाळी इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवा. ज्या भोकातून पाणी उडालं, तो सिलिंडर. थेट सेल्फ मारू नका, कारण पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ईजीआर कूलर (एक्झॉस्टचा काही वायू पाण्याने थंड करून परत इंजिनात सोडणारा) असलेल्या गाडीत हेडवर येण्याआधी तो कूलर वेगळा करून तपासा. तो फुटला की लक्षणं हुबेहूब हेड गॅस्केटची दिसतात.

निळा धूर

इथे सगळे जण सरळ रिंगांवर बोट ठेवतात. रिंगांचा नंबर शेवटी लावा.

सगळ्यात आधी ऑइलची पट्टी. इंजिन बांधताना चेंबर (खालची ऑइलची टाकी) किंवा पट्टी बदलली गेली असेल तर पट्टीवर बरोबर दिसणारी पातळी प्रत्यक्षात दोन-तीन लिटर जास्त असू शकते. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं माप मोजून भरा आणि पट्टी कुठे दाखवते ते बघा. मग ब्रीदर, म्हणजे चेंबरमधली वाफ बाहेर सोडणारी नळी. तो तुंबला असेल तर चेंबरमध्ये दाब साठतो आणि ऑइल मिळेल त्या वाटेने वर जातं.

मग बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे रिंगांवरून खाली चेंबरमध्ये येणारा वायूचा दाब. निळा धूर आहे आणि ब्रीदरमधून जोरात भपकारे येतायत, तर रिंगा-लायनरवर संशय रास्त आहे. निळा धूर आहे पण ब्रीदर शांत आहे, तर ऑइल टर्बोमधून, व्हॉल्व्ह गाइडमधून (व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते ती नळी) किंवा चुकलेल्या ऑइल रिंगमधून येतंय. बॅक कॉम्प्रेशन बघताना एअर कॉम्प्रेसर विसरू नका. ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर झिजला की त्याच्या रिंगांवरून हवा खाली इंजिनात येते आणि ब्रीदर भपकारे मारतो, इंजिनाचा मात्र काही दोष नसतो. टाकी भरत असताना एकदा आणि भरून कॉम्प्रेसर मोकळा झाल्यावर एकदा, असं दोनदा बघा. दोन्हीत ठळक फरक दिसला तर आधी कॉम्प्रेसर काढा.

टर्बोकडून इंटरकूलरकडे (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) जाणारा होज काढा. आत ऑइलचा पातळ हात फिरलेला असणं चालतं, ब्रीदरची वाफ तिथे जाते. ओघळ किंवा डबकं चालत नाही. पण लगेच टर्बो बदलू नका, आधी त्याचा परतीचा पाइप बघा. टर्बोतलं ऑइल फेसाळून खाली येतं आणि फक्त स्वतःच्या वजनाने चेंबरमध्ये उतरतं. त्याला ढकलणारा पंप नसतो. पाइप वाकला, आडवा पडला किंवा बसवताना जास्तीची गॅस्केट पेस्ट आत सरकून निम्मं तोंड बंद झालं, की ऑइल टर्बोत तुंबतं आणि सीलवरून बाहेर पडतं. सील नवं असलं तरी पडतं, कारण ते साठलेल्या ऑइलला अडवण्यासाठी बनलेलंच नाही. चेंबरमध्ये बॅक कॉम्प्रेशनचा दाब असला तरी हेच होतं, परतीची वाट खालूनच अडते. त्या फ्लँजवर पेस्ट लावूच नका, योग्य गॅस्केट लावा.

जुना टर्बो फुटलेला असेल तर इंटरकूलर उतरवून धुतला होता का, हेही विचारा. त्याच्या पोटात ऑइल साचून राहतं आणि नव्या इंजिनला जोर लावला की ते ओढलं जातं. जास्त ओढलं गेलं तर इंजिन त्या ऑइलवरच धावत सुटतं आणि किल्ली बंद करूनही थांबत नाही. तसं झालं तर हवेचं तोंड जाड फळीने किंवा पत्र्याने बंद करायचं. हात किंवा फडकं लावायचं नाही.

व्हॉल्व्ह गाइड आणि सीलची खूण म्हणजे रात्रभर उभी राहिलेल्या गाडीला सुरू करताना येणारा निळा भपका, जो थोड्या वेळात जातो. बराच वेळ आयडलवर ठेवून रेस दिल्यावर भपका आला तर सील किंवा टर्बो, दोन्ही असू शकतात. होज काढून आधी टर्बो निर्दोष ठरवा.

आता रिंगा. रिंग लायनरला नुसत्या स्वतःच्या ताणाने घट्ट बसत नाही. जळलेल्या वायूचा दाब तिच्या मागे जाऊन तिला भिंतीवर रेटतो, आणि होनिंगने (दगडाने घासून) लायनरवर पाडलेल्या तिरप्या रेघांवर घासून ती आपला आकार घेते. हा दाब लोडवरच मिळतो. म्हणून नवं इंजिन "मोकळं होऊ दे" म्हणून तासन् तास आयडलवर ठेवणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. दाब नाही, ऑइल भरपूर, अशात ऑइल भिंतीवर भाजून होनिंगच्या रेघा भरून जातात, लायनर आरशासारखा होतो आणि रिंगा कधीच बसत नाहीत. इंजिन सुरू करा, ऑइल प्रेशर आणि गळती बघा, पाणी कोमट झालं की गाडी रस्त्यावर काढा. मध्यम लोड, वेग बदलता, चढाला खालच्या गिअरमध्ये मोकळं ओढू द्या. वरच्या गिअरमध्ये दाबून कण्हत चालवू नका. या काळात कंपनीने सांगितलेलंच ऑइल वापरा. महागडं सिंथेटिक किंवा घर्षण कमी करणारं औषध आत्ता नको, कारण आत्ता थोडं घर्षण हवंच आहे. आयडलवर ठेवलेलं इंजिन तुमच्याकडे आलं असेल, तरी आधी दोन-चार दिवस असं लोडवर चालवून बघा. वेळेत आलेलं असेल तर सावरतं.

लोडवर सतत निळा धूर, भरपूर बॅक कॉम्प्रेशन, आणि इंजिन नवं असूनही रोज वाढतंय, तर धूळ गेली का ते बघा. फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा होज काढून आतून पांढरं फडकं फिरवा. मातीची भुकटी लागली तर रिंगा नव्या घालूनही उपयोग नाही, आधी ती वाट बंद करा. दुसरी धूळ आपल्याच हाताने जाते. होनिंगनंतर लायनर नुसता डिझेलने धुतला तर दगडाची पूड रेघांत तशीच बसून राहते. गरम पाणी, साबण आणि ब्रशने घासून, वाळवून, ऑइलमध्ये बुडवलेलं पांढरं फडकं फिरवायचं. फडकं करडं होतंय तोवर धुणं झालेलं नाही.

काळा धूर

याला कमी शब्द पुरतात: डिझेल जास्त किंवा हवा कमी. फिल्टर, मग टर्बो ते मॅनिफोल्डपर्यंतचे सगळे क्लॅम्प. लोडवर "सुस्स" असा आवाज आणि जोडापाशी ऑइलची काळी धार दिसली की होज सुटलाय. एक्झॉस्ट ब्रेकचं (एक्झॉस्टची वाट अडवून गाडी धरणारा ब्रेक) पान अर्धवट मिटून अडकलंय का ते हलवून बघा. कॉमन रेलमध्ये इंजेक्टर एका सिलिंडरचा दुसऱ्याला गेला असेल किंवा नवा टाकला असेल, तर त्याचा कोड ईसीएममध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) भरलाय का ते तपासा. आणि पंपाचा सील तोडून डिझेल वाढवलं असेल तर ते आधी मूळ मापावर आणा. जास्तीचं डिझेल लायनरवरचं ऑइल धुऊन टाकतं, आणि आज काळा दिसणारा धूर काही दिवसांनी निळा होतो.

डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत यातलं बरंच डोळ्यांना दिसतच नाही. तिथे सायलेन्सर स्वच्छ दिसतो आणि ऑइल मात्र कमी होत राहतं. फिल्टर पुन्हा पुन्हा तुंबत असेल तर टर्बोच्या मागचा पाइप सोडून आत बघा.

एवढं सगळं होऊनही रिंगांवरच येऊन थांबलात, तर मग खोला. पण हेड उतरलं की लगेच फडकं घेऊ नका. पिस्टनच्या माथ्याची कड ओली आणि धुतल्यासारखी, मधे कार्बन असेल तर ऑइल रिंगांवरून आलंय. इनलेट व्हॉल्व्हच्या मानेवर ऑइलचा चिकट थर असेल तर गाइडमधून किंवा टर्बोकडून. पिस्टन बाहेर काढल्यावर रिंगा उतरवण्याआधी त्यांची तोंडं कुठे आहेत ते बघा, एका रेषेत आली आहेत का. दुसऱ्या रिंगेवरची टॉपची खूण वर आहे की खाली, हेही बघा. ती उलटी बसली असेल तर प्रत्येक फेऱ्याला ऑइल खरवडून खाली आणायच्या ऐवजी वर नेते. ऑइल रिंगेच्या आतल्या स्प्रिंगचा जोड रिंगेच्या तोंडाच्या बरोबर समोरच्या बाजूला हवा. प्रत्येक पिस्टनचा फोटो काढा, सिलिंडरचा नंबर खडूने लिहा, आणि मगच धुवायला घ्या.